पायांच्या फायली

वैशाखात धुळ्याला आमच्या देवपुरात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडलेली असतात. पांझरेला पाणी नसतं, पुलाकडून येते ती फक्त झळ. घरोघरी कूलर घरघरत असतात आणि गच्च्यांवर कुरडया वाळत असतात. अशातच एक दिवस शेजारच्या अक्का गच्चीवरून मला ओरडून सांगतात, "भाऊ, आखाजी जवळ उनी बरं का!" कॅलेंडर माझ्याही भिंतीवर आहे. तरी अक्कांनी ओरडून सांगितल्याशिवाय माझी आखाजी जवळ येत नाही.

बाकीच्यांची ती अक्षय्य तृतीया. ते त्या दिवशी सोनं बघायला जातात म्हणे. आमच्या खानदेशात आखाजीला दोघं घरी येतात. एक सासरी गेलेल्या लेकी आणि दुसरे या जगातून गेलेले आपले लोक. गेलेल्यांसाठी पाण्याची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आंबे ठेवायचे, पुरणपोळीचं पान वाढायचं. आलेल्या लेकींसाठी निंबाला झोका बांधायचा. एकाच घरात, एकाच दिवशी, अंगणात हसणं आणि देवघरापाशी डोळे पुसणं. लहानपणी पारोळ्याजवळच्या आमच्या गावात मला याचं काही वाटायचं नाही. सणाला पाहुणे येणारच, त्यातले काही दिसत नाहीत इतकंच.

यंदा मयुरीची लग्नानंतरची पहिली आखाजी. लेक पुण्याहून माहेरी येणार. माहेर म्हणजे मी, दोन खोल्या, एक कूलर. सुनंदा, म्हणजे तिची आई आणि माझी बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. मयुरी तेव्हा शाळेत होती. येण्याची तारीख सांगायला तिनं फोन केला आणि सगळं बोलून झाल्यावर, ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, मला आईचा आवाज आठवत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"चेहरा आठवतो. फोटो आहेत ना. आवाज किती आठवून बघितला, येतच नाही. परवा आरशासमोर उभी राहून आईसारखं बोलून बघितलं, तर सासूबाईंचाच सूर लागला." असं म्हणून ती हसली. मग म्हणाली, "मामाच्या त्या कॅमेऱ्यात असेल ना?"

असेल, मी म्हटलं. फोन ठेवल्यावर मी सुनंदाचा आवाज आठवून बघितला. मला वाटलं, मला तर नक्की येईल. शब्द आले. सूर आला नाही. भूगोल शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, नद्यांची नावं उगमापासून मुखापर्यंत म्हणून दाखवीन, आणि रोज ऐकलेला एक आवाज हरवून बसलो होतो. त्या दुपारी मी फार एकटा पडलो. एवढा तर ती गेली त्या दिवशीही पडलो नव्हतो, तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

तो कॅमेरा माझ्या मेव्हण्याचा. तो सुरतेला असतो. मयुरी शाळेत असताना एका वर्षी आखाजीला तो त्यांच्या गावी आला तो हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा घेऊन, आणि दोन दिवस सगळ्यांना दाखवून झाल्यावर बहिणीच्या हातात देऊन मोकळा झाला. "ताई, तूच काढ. मले पत्ते खेयाले जायचं हाये." आखाजीला पत्ते खेळणं म्हणजे आमच्याकडे देवकार्यच. जाताना कॅमेराही तिच्याकडेच ठेवून गेला.

सुनंदाचं माहेर तिकडं पूर्वेला, रावेरच्या केळीच्या पट्ट्यात. माझं गाव इकडं कापसाचं. जिल्हा म्हटला तर एक, पण बोली वेगळी. 'आहे'ला आमच्याकडे 'शे', तिच्याकडे 'हाये'. लग्न होऊन आली तेव्हा माझी आई म्हणायची, "ही काय बोली राह्यनी, माले समजत नही." वर्षभरात ती आमच्या आईपेक्षा ठसक्यात 'शे' म्हणायला लागली. माहेरी गेली की तिच्या भावजया चिडवायच्या, "ही तं धुयाची झाली!" शाळेतले माझे सहकारी घरी आले की पुन्हा पुस्तकी मराठी. तीन घरांच्या तीन बोली, आणि कुठंच अडखळणं नाही. नावसुद्धा तिचं मूळचं निर्मला. लग्नात तांदळाच्या ताटात मी अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं आणि ते सगळ्यांना चाललं. तिला विचारायची पद्धत नव्हती.

हे आत्ता आठवायचं कारण त्या कॅमेऱ्यातल्या फायली. कॅमेऱ्याची बॅटरी केव्हाच फुगून वाया गेली होती, पण कार्ड शाबूत होतं. मयुरीनं इथं सोडलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ते घातलं, तर फायलींची रांगच रांग, आणि प्रत्येकीच्या शेपटाला इंग्रजीत 'मोड' लिहिलेलं. मी दचकलोच. मोड म्हणजे मोडलेल्या की काय? एकीवर दोनदा टिचकी मारली तर लॅपटॉपच मला विचारतो, ही फाईल कशानं उघडू? मला माहीत असतं तर तुला विचारलं असतं का?

मयुरीनं सांगितलेलं व्हिडिओ जोडण्या-कापण्याचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात फायली ओढून टाकल्या. त्यानं सरळ सांगितलं, हा प्रकार आम्हाला चालत नाही. आमच्या जुन्या मुख्याध्यापकांसारखं, कारण न देता. मी मयुरीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मला पाठवून द्या, मी इथं करते."

"तू पाहुणी आहेस. पाहुणीनं येताना पिशवी आणायची, कामं नाही."

"मग निदान नाव बदलून बघा. शेवटची ती 'मोड' अक्षरं काढायची आणि दुसरी टाकायची. आत तोच व्हिडिओ असतो, नाव वेगळं असतं म्हणून घेत नाही."

तिनं अक्षरं सांगितली, मी बदलली. फाईल ओढली. सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं आत घेतली. आतलं सगळं तेच, फक्त नाव बदललं आणि घरात प्रवेश मिळाला. मला ताटातले तांदूळ आठवले आणि मी जरा वेळ माऊस सोडून बसलो.

मग चित्र हललं. माझ्या सासुरवाडीचं अंगण. खाटेवर पांढरं धोतर पसरलेलं आणि त्यावर सासूबाई, सुनंदाची आई, बिबडे थापतायत, ज्वारीचे ते पापड, तिकडच्या उन्हाळ्याची ओळखच. मागं केळीची हिरवी भिंत, पानं वाऱ्यानं फाटून चिंध्या झालेली. मयुरी कच्च्या बिबड्याचा गोळा तोंडात टाकून पळतेय. सासूबाई तोंड उघडून काहीतरी म्हणतायत. काय म्हणतायत, कळत नाही. आवाजच नव्हता. मी लॅपटॉपचा आवाज वाढवला. मोबाईलवर कुणाचंसं गाणं लावून कान तपासले. कान ठीक होते. सॉफ्टवेअरनं चित्र ठेवून घेतलं होतं आणि आवाज दाराबाहेरच सोडला होता. नुसतं नाव बदलून भागत नाही, हे त्या दिवशी कळलं.

ती आखाजी मी पाहिलेलीच नाही. परीक्षा संपून निकालाचं काम चाललं होतं, मी धुळ्यातच राहिलो. सुनंदा मयुरीला घेऊन पुढं गेली. मला त्या दिवसांचं आठवतं ते रिकामं घर. पेपरांचे गठ्ठे, माठाखालची ओली वाळू, फडताळात तिनं करून ठेवलेल्या दशम्या. ताट वाढून घ्यायचो, दोन घास खायचो आणि उठायचो. भूक नव्हती असं नाही. समोर "अजून घ्या" म्हणणारं कुणी नसलं की घास तोंडातच फिरायचा. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं तरी काय होतं त्यात?

चांगली महिनाभर राहायला म्हणून गेलेली सुनंदा आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी परत आली. बसमधून उतरलेली, तोंड लाल झालेलं, हातात केळीचा घड. मी म्हटलं, एवढ्यात? तर म्हणाली, "तिकडं लई ऊन शे." धुळे जणू थंड हवेचं ठिकाण! मी तिला त्यावरून पुढं कितीदा चिडवलं. पाहुणे आले की सांगायचो, आमच्याकडे उन्हाळ्यात लोक रावेरहून हवापालटाला येतात. ती पदर तोंडाला लावून हसायची आणि विषय बदलायची. त्याच वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

तर आवाज. पुन्हा फोन. मयुरीनं दुसरं एक सॉफ्टवेअर सांगितलं. ते जुनी फाईल घेतं, आतलं चित्र आणि आवाज दोन्ही सोडवून नव्यानं बांधून देतं. फाईल द्यायची आणि हिरवी पट्टी पुढं सरकताना बघत बसायचं. मी बघत बसलो. पट्टी सरकते न सरकते. बाहेर ऊन रणरणत होतं, आत लॅपटॉपचा पंखा धापा टाकत होता. मला आठवलं, मटकीला मोड आणायचे तर सुनंदा फडक्यात बांधून ठेवायची आणि मी उचकटून बघायला गेलो की हातावर चापट मारायची. "सारखं काय बघता? राहू द्या ना, येतीन." मोड म्हणजे मोडलेलं, एवढंच मला सुचलं होतं. मोड फुटतातही, हे मी विसरलो होतो.

पट्टी भरली. मी कूलर बंद केला, खिडक्या लावल्या, आणि फाईल उघडली.

आवाज आला! आधी विहिरीवरच्या मोटारीचा, मग कावळ्याचा. मग सासूबाई, स्पष्ट, "व मयू, कच्चं नको खाऊ, पोट दुखीन!" सासूबाईही आता नाहीत. मग मयुरीचा लहानपणचा चिरका आवाज. मेव्हण्याचं हसणं. भांडी. बांगड्या. मी एकेक फाईल लावत गेलो. सगळे बोलत होते, शेजारच्या अंगणातली माणसंसुद्धा बोलत होती. सुनंदा बोलत नव्हती.

एकीत नाही, दुसरीत नाही. कॅमेरा तिच्या हातात, म्हणून ती चित्रात नाही हे ठीक. पण एक शब्द? एकदा सासूबाई थेट कॅमेऱ्याकडे बघून विचारतात, "निमे, झालं का व काढून?" आणि उत्तर नाही. फक्त चित्र किंचित खालीवर होतं. तिनं मान हलवली असणार. मग माझ्या लक्षात आलं. तिला कॅमेरा माहीत होता तो फोटोचा. फोटो काढताना आमच्याकडे सगळे श्वास रोखून उभे राहतात, आणि काढणाराही. हललं, बोललं की फोटो बिघडतो. ती बिचारी एवढ्या सगळ्या चित्रणात श्वास रोखून उभी होती, सगळ्यांचं चांगलं यावं म्हणून. मला रडू आलं. आणि खोटं कशाला सांगू, रागही आला. एवढी बडबडी बाई, आणि हवी तेव्हाच गप्प!

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. अक्का. "भाऊ, कूलर बंद करीसन काय बठनात? शिजी जाशात ना!" त्यांना म्हटलं, काही नाही, काम चाललंय. त्या पुटपुटत गेल्या.

आता मयुरीला काय सांगायचं? दोन दिवस मी लॅपटॉपला हात लावला नाही. बाजारातून घागर आणली, डांगर आणलं, आंबे आणले. घागर सुनंदासाठीच भरायची असते आता. लेकीला आईचा आवाज द्यायचा ठरवला होता आणि माझ्या हाती तिची चुप्पी आली होती.

फायली अजून उरल्या होत्या. शेवटच्या. त्या मी बाजूलाच काढल्या होत्या, कारण त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं. पहिल्यांदा आवाजाशिवाय बघितल्या तेव्हाच कळलं होतं. जमीन. शेणानं सारवलेली, तिरकी. साडीचा काठ. चपला. मध्येच आकाश, मग पुन्हा जमीन. पाय, पाय आणि पाय. याचा उलगडा मला नंतर झाला. चालू करायचं आणि बंद करायचं बटण एकच. आखाजीच्या सकाळी कधीतरी तिचा एक दाब चुकला, आणि तिथून पुढं सगळं उलटं झालं. ती डोळ्यासमोर धरून बटण दाबायची तेव्हा कॅमेरा बंद व्हायचा, आणि झालं म्हणून बटण दाबून खाली घ्यायची तेव्हा चालू. म्हणून आखाजीचा झोका नाही, घागर नाही, गौराईपुढं नाचणाऱ्या पोरी नाहीत. जे काढायचं ते निसटलं, आणि हातात लोंबकळणारा कॅमेरा तिच्या नकळत बघत राहिला. मी त्यांना पायांच्या फायली म्हणायचो आणि पुसून टाकायच्या यादीत धरल्या होत्या.

आखाजीच्या आदल्या दुपारी, मयुरीची बस यायची होती, मन लागेना म्हणून मी त्याही रूपांतराला लावल्या. पट्टी सरकू दिली. सारखं बघितलं नाही. मग कूलर बंद केला.

जमीन. साडीचा काठ. आणि अगदी जवळ, कॅमेऱ्याच्या कानाशीच, खळखळून हसणं.

"आवं माय, पदर सोड ना व, फाटीन!"

तो सूर. थोडा जाडसर, शेवटच्या शब्दाला वर उचलणारा. मला येत नव्हता तो हाच. आणि गंमत म्हणजे तिची ही बोली मी कधी नीट ऐकलीच नव्हती. मी तिच्या माहेरी गेलो की ती माझ्याकडे वळायची आणि तिचं 'शे' सुरू व्हायचं. ही माझी सुनंदा नव्हती. ही निमी होती, आईपाशी पाय पसरून बसलेली. तिच्या पायात जोडवी होती म्हणून ओळखीची वाटली.

पुढच्या फायलीत दोन पावलं जोडव्यांची, दोन भेगाळलेली, समोरासमोर. मध्ये सूप. काहीतरी निवडणं चाललेलं. सासूबाईंचा आवाज समोरून, "निमे, आखाजी झाली नाही तं निंघाली का व तू? राह्य ना चार दिस."

"नाही व माय. त्यायले एकट्यायले जेवन जात नाही."

"म्हंजे?"

"ताट वाढून घेता आन् तसेच उठता. सांगत नाही कोनाले. मले मालूम हाये."

"शिकतीन मंग. मोठं मानूस हाये."

सूप थांबलं. जोडव्यांचा एक पाय दुसऱ्या पायावर घासला गेला. मग ती हसली, हळू, आईलाच ऐकू जावं एवढं.

"राहू दे. नको शिकाले."

मी तिथंच थांबवलं. लई ऊन शे, म्हणाली होती. आणि मी लोकांना सांगत फिरलो, हवापालटाला आली म्हणून.

सुनंदे, मी शिकलो गं. टीव्ही लावून शिकलो, पेपर वाचत शिकलो, उभ्या उभ्या ओट्याशी शिकलो. आता सगळं ताट संपवतो आणि काय खाल्लं ते आठवत नाही.

अक्का पुन्हा खिडकीशी आल्या. कूलर बंद दिसला की त्यांना चैन पडत नाही. "भाऊ, जेवनात का?"

इतकी वर्षं मी "हो" म्हणत आलो. त्या दिवशी म्हणालो, "नही वो अक्का. एकलाले जात नही."

त्या माघारी गेल्या. थोड्या वेळानं झाकलेलं ताट घेऊन आल्या आणि मी जेवेपर्यंत उंबऱ्यात बसून जावयाच्या तक्रारी सांगत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आखाजी. मयुरी संध्याकाळी आली होती ती सकाळी उठून पुरणाला लागली. पोळ्या फाटल्या, काही जळल्या, पण झाल्या. घागर भरली, डांगर ठेवलं, आंबे ठेवले, पान वाढलं. दोघांनी नमस्कार केला. मग मी लॅपटॉप देवघरासमोर आणून ठेवला.

मी काही कापलं नव्हतं, काही जोडलंही नव्हतं. एवढा खटाटोप ज्या सॉफ्टवेअरसाठी केला त्यात शेवटी फक्त त्या फायली एकामागं एक लावल्या होत्या. मयुरीला म्हटलं, चित्र बघू नकोस, काही नाहीये त्यात, पाय आहेत. ती खाली मांडी घालून बसली. हसणं आलं तेव्हा तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. सूप आणि जोडवी आली तेव्हा एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली. ती रडत नव्हती. कान देऊन ऐकत होती, अनोळखी माणसाचं ऐकावं तसं. मला धाकधूक वाटू लागली. आवाज मिळाला, पण ओळख पटली नाही तर?

शेवटची फाईल सुरू झाली. ओसरीची फरशी, पत्रावळी मांडलेल्या, वाढणाऱ्यांचे पाय येतायत जातायत. सुनंदा चालतेय, कॅमेरा हातात झुलतोय. आणि मग ती थांबून अंगणाकडे हाक मारते, लांबवर पोचेल अशी, शेवटचं अक्षर वर उचलून.

"मयू! व मयू! चाल, जेवाले!"

"आली ना व!"

दोन आवाज एकदम आले. एक लॅपटॉपमधून, चिरका, लांबून. दुसरा माझ्या शेजारून. मयुरी उठून उभी राहिली होती. आपण उठलो हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

मी ताटं मांडली आणि आम्ही जेवायला बसलो.